गांवढळ कोणास म्हणावें?

लंडनच्या बड्या लोकांची इंग्रजी तेवढी शुद्ध, बाकी सारी गांवढळांची बडबड, असा समज इंग्लंडांत फार दिवस रुजलेला आहे. आमच्याकडील इंग्रजी शिकलेले विद्वानही तोच समज डोक्यावर घेऊन मिरवितात. हा समज निव्वळ खोटा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यॉर्कशायरचा मजूर ओढ्यास 'बेक' म्हणतो, खेळण्यास 'लेइक' म्हणतो. हे शब्द त्यानें अडाणीपणानें मोडले काय? मुळींच नाहीं! हजार वर्षांपूर्वीं समुद्रापलीकडून येऊन तेथें वसलेल्या नॉर्स लोकांचें हें देणें आहे. १६११ च्या बायबलांत देवास 'दाऊ' म्हणून हांक मारली आहे. तोच शब्द मजुराच्या तोंडीं 'दा' झाला. देवळांत पवित्र आणि गिरणींत गांवढळ, हा कोठला न्याय?

जोसेफ राइट हा त्याच प्रांतांत १८५५ सालीं जन्मला. सहाव्या वर्षीं दगडाच्या खाणीवर गाढवें हांकूं लागला, पुढें गिरणींत राबला. पंधराव्या वर्षापर्यंत त्यास अक्षरओळख नव्हती. तोच पुढें ऑक्सफर्डास भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला! परंतु मोठेपणीं त्यानें आईची बोली टाकली नाहीं. विंडहिल या आपल्या गांवच्या बोलीचें व्याकरण त्यानें १८९२ सालीं छापलें. ज्या बोलीस व्याकरण आहे, ती अशुद्ध कशी? मग १८९८ ते १९०५ या काळांत त्यानें इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. पुढें १९५० ते १९६१ पर्यंत लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांच्या माणसांनीं ३१३ ठिकाणीं जाऊन म्हाताऱ्या खेडुतांपुढें वही उघडली. विद्वान शिष्य झाले, शेतकरी गुरु झाला!

ग्रंथांची भाषा शिकूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. राइटनें ती शिकली म्हणूनच तो एवढें काम करूं शकला. पण ती शिकवितांना पोराच्या आईची बोली घाणेरडी आहे असें त्यास सांगणें, हें शिक्षण नव्हे. अशा पोराचें तोंड वर्गांत कायमचें मिटतें. त्यांत एखादा राइट असला, तर तोही मुका होतो.

वऱ्हाडी वा अहिराणी बोलणाऱ्या पोरास हंसणाऱ्या मास्तरांनीं हें ध्यानांत घ्यावें. पोराचा शब्द आधीं वहींत लिहून घ्या, मग आपला शिकवा.