टॉवरखालची जमीन

आजची नोंद द्राक्षाची नाही, उसाचीही नाही. जमिनीची आहे, पण पार अमेरिकेतल्या.

तिथली छोटी एएम रेडिओ केंद्रं एकामागं एक बंद पडायला लागलीत. एएम म्हणजे आपली मध्यम लहर, सांगली केंद्र 1251 किलोहर्ट्झवर लावायचो तीच. सगळे म्हणतात मोबाईल आला, ऐकणारा राहिला नाही. ते अर्धं खरं आहे. बाकी अर्धं काम टॉवरखालच्या जमिनीच्या भावानं केलंय, आणि त्यावर कोण बोलत नाही.

एएमचा टॉवर मोबाईलच्या टॉवरसारखा नसतो. मोबाईलची अँटेना गच्चीवर टांगली तरी चालते. इथं अख्खा लोखंडी टॉवर हीच अँटेना. बहुतेक ठिकाणी तो चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो. उंची ठरते लहरीवर, साधारण लहरीच्या लांबीच्या पाव. 1240 किलोहर्ट्झची लहर 242 मीटर, म्हणजे टॉवर 60 मीटर, 200 फूट. पण खरी मेख जमिनीखाली आहे. टॉवरच्या बुडापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा चौफेर पुरतात. पूर्ण पद्धतीनं केलं तर 120 तारा, आणि एकेक तार टॉवरएवढी लांब. हिशोब करा, एका टॉवरला पावणेतीन एकर. 630 किलोहर्ट्झला हाच हिशोब 11 एकरांवर जातो. तारा वीतभरच खोल, त्यामुळं नांगर घालता येत नाही. गवत कापा, गुरं चारा, बस्स.

आणि माती? कृषी अधिकारी मंडळींना लगेच कळेल. आपण क्षार बघायला ईसी मोजतो, म्हणजे वीज किती वाहते तेच बघतो. रेडिओला वीज वाहणारी माती लागते. ओल धरणारी भारी काळी चांगली, खारवटही चालते, मुरूम आणि खडक नको. साउथ डकोटात यांक्टनला डब्ल्यूएनएएक्स नावाचं शेतकऱ्यांचं जुनं केंद्र आहे, 570 किलोहर्ट्झ, ताकद फक्त 5 किलोवॅट. खालची लहर आणि तिथली माती, या दोन्हींच्या जोरावर ते शेजारच्या राज्यांतही ऐकू जातं. ज्या पाणथळ रानाला आपण नावं ठेवतो, ते टॉवरला मानवतं. म्हणून जुन्या लोकांनी टॉवर गावाबाहेर, सखल, स्वस्त रानात उभे केले.

पुढं काय झालं ते शहराला चिकटून रान असलेल्यांना सांगायला नको. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथं डब्ल्यूएमएएल केंद्राचे चार टॉवर 1941 पासून 75 एकरांत उभे होते. चहूकडनं घरं आली. जागा 7 कोटी 40 लाख डॉलरला घरं बांधणाऱ्या कंपनीकडं गेली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये टॉवर आडवे केले. ते केंद्र मोठं, दुसऱ्याच्या टॉवरवर जाऊन चालू राहिलं. छोट्याचं तसं नसतं. लायसन्स, यंत्रं, नाव सगळं विकून जे येत नाही ते नुसत्या जमिनीचं येतं. जमीन भाड्याची असेल तर मालक करार वाढवत नाही. नवीन रान शोधा, तारा पुरा, सरकारी परवानगी काढा, शेजाऱ्यांची समजूत घाला. सलग 12 महिने आवाज बंद राहिला की लायसन्स आपोआप संपतं. मालकाला दोष देणार नाही मी. आपल्यातल्या किती जणांनी बायपासकडंचा तुकडा राखला?

अलाबामात जॅस्पर गावचं डब्ल्यूजेएलएक्स हे 1240 वालं केंद्र. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी सांगितलं की कोंबड्यांच्या कारखान्यामागचा आमचा 200 फुटी टॉवरच चोरीला गेला. (आपल्याकडं मोटारीच्या केबली जातात, तिथं टॉवर.) त्यांचं एफएमही होतं, पण ते एएमच्या लायसन्सला जोडलेलं. सरकार म्हणालं, एएम बंद तर एफएमही बंद. तेव्हा "एफएमवर जा की" म्हणणं सोपं आहे. मूळ तोडलं की फांदी वाळते.

तिथल्या संसदेत 2023 मध्ये विधेयक आलं, प्रत्येक नव्या गाडीत एएम रेडिओ असावा म्हणून. शेतकरी संघटनांचा पाठिंबा आहे, कारण ट्रॅक्टरवर बसून धान्याचे भाव, वादळाचा इशारा तिथंच ऐकतात. चांगलंय. पण गाडीत रेडिओ ठेवायचा आणि टॉवरची जागा जाऊ द्यायची, म्हणजे ठिबकला अनुदान आणि विहीर बुजवायची. माझ्या मते पहिला पैसा सामाईक टॉवरला द्यावा. एकाच टॉवरवरनं दोन-तीन केंद्रं वेगवेगळ्या लहरींवर चालवता येतात, मध्ये गाळणी बसवून. सामाईक विहिरीवर पाळी लावतो तसंच, उलट इथं पाळीचीही गरज नाही, सगळे एकाच वेळी चालतात. भांडणं होतील, ती विहिरीवरही होतात.

आता आपल्याकडचं. आपल्या आकाशवाणीचे टॉवर खाजगी नाहीत, जागा सरकारी आहे. प्रसार भारती जुने मध्यम लहरींचे ट्रान्समीटर कमी करून एफएमकडं चाललीय. आवाज स्वच्छ येतो, मान्य. पण मध्यम लहर जमिनीला धरून जाते, एफएम बरीचशी सरळ रेषेत. डोंगर आडवा आला की खोऱ्यातल्या वस्तीवर खरखर. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: ट्रान्समीटर बंद करायचा तर करा, पण वाड्यावस्त्यांवर एफएम पोचतो का हे फिरून तपासल्याशिवाय टॉवरची जागा दुसऱ्या कामाला देऊ नका. शहरालगतची एवढी सलग जमीन एकदा गेली की कुठल्याच भावात परत मिळत नाही. हे तपासायला कृषी विज्ञान केंद्रांची मदत घेता येईल, त्यांची माणसं तशीही गावोगाव फिरतात.

डोंगराआडच्या गावांतल्या मंडळींनी खाली लिहा: एफएम लागतं का, मध्यम लहरीवर अजून काय ऐकू येतं, दिवसा की रात्री. गाव आणि तालुका घाला. यादी करून आकाशवाणी केंद्राला पाठवतो.