जपानला मागे टाकलं म्हणे. पण कशात?

मंडळी, तो मेसेज परत फिरायला लागलाय. तिरंगा, मावळता सूर्य आणि खाली ‘जपानला धूळ चारली’. आपल्या तालुक्याच्या तीन ग्रुपवर मला तो आला. कुणाचा आनंद हिरावून घ्यायचा नाही मला, पण पत्रकार म्हणवतो तर आकडा तपासणं आलंच.

मे २०२५ मध्ये नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगितलं की आपण जगात चौथे झालो. आधार होता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा एप्रिलचा अंदाज. अंदाज, बरं का. वर्ष सरायचं होतं. त्यात भारत ४,१८७ अब्ज डॉलर आणि जपान ४,१८६. एवढा फरक तर येनचा भाव एका दिवसात जरा हलला तरी पडतो. ऑक्टोबरमध्ये नाणेनिधीचा नवा अंदाज आला, त्यात जपान परत पुढे. तो मेसेज मात्र कुणी फिरवला नाही.

आता येनचं बघा, कारण खरी गंमत तिथंच आहे. २०१२ साली जपानचं उत्पन्न साधारण ५०० लाख कोटी येन होतं आणि डॉलरला ८० येन पडायचे. भागा. सव्वासहा लाख कोटी डॉलर. २०२४ साली उत्पन्न ६०० लाख कोटी येनच्या वर गेलं, पण डॉलरला १५० येन पडायला लागले. भागा परत. चार लाख कोटी! जपानी माणसाच्या घरातलं उत्पन्न वाढलं आणि आपल्या तक्त्यात जपान एक तृतीयांशाने आटला. यात आपला पराक्रम किती आणि येनच्या घसरणीचा हात किती, ते तुम्हीच ठरवा.

बरं, नुसता आकारच मोजायचा असेल तर स्वस्ताई-महागाई जमेस धरून केलेल्या जागतिक बँकेच्या मोजणीत आपण २०११ सालीच जपानच्या पुढे होतो. तेव्हा कुणी फटाके वाजवले नाहीत, कारण तेव्हाचं सरकार वेगळं होतं. (आताचे विरोधकही तो आकडा विसरलेत, ही आणखी एक मजा.)

आम्ही १४० कोटींच्या वर, ते साडेबारा कोटींच्या आत. अकरा पट माणसं मिळून तेवढंच कमावतात, याला मागे टाकणं म्हणायचं का? माणशी हिशेब केला तर जपानी ३३ हजार डॉलरच्या आसपास, आपण अडीच हजार. तेरा पट.

आता दुसऱ्या बाजूचे भाऊ लगेच खूश होतील, ‘बघा, सगळं खोटं!’ थांबा राव. १९६० मध्ये हे अंतर सुमारे सहा पट होतं. १९९५ मध्ये, येन फुगलेला असताना, शंभर पटींच्या वर गेलं. तिथून तेरावर आलंय. जपान तीस वर्षं जवळजवळ जागेवर थांबला हे खरं, पण आपण चाललो हेही खरंच. ते नाकारणारा माणूस आकडे वाचत नाही, राग वाचतो.

मग माझी तक्रार काय? आपल्याच गावच्या एका नगरसेवकाला परवा नळाला चार दिवसांआड पाणी का, असं विचारलं. उत्तर आलं, ‘देश चौथा झालाय, जरा पॉझिटिव्ह लिहा.’ हे असं वापरलं जातंय. देशाची बेरीज दाखवून माणसाचा प्रश्न गप्प करायचा.

त्यांच्यासाठी एक सोपं गणित. आपण माणशी ६ टक्क्यांनी वाढलो तर वर्षाला १५० डॉलर वाढतात. जपान १ टक्क्याने जरी वाढला तरी ३३०. म्हणजे वेग आपला सहापट असूनही त्या वर्षी दोघांमधलं अंतर डॉलरमध्ये वाढतंच. आणि जपान म्हातारा होण्याआधी श्रीमंत झाला. आपली तरुण पोरं आत्ता, या घडीला, भरतीच्या जाहिरातीची वाट बघत अभ्यासिकेत बसलीत.

कमेंटमध्ये खुशाल भांडा. फक्त भांडताना माणशी आकडा लिहा, आणि डॉलर कोणत्या वर्षाचा ते पण लिहा.