बैलाचे दात आणि मर्सिडीजचा तारा

आमच्या माणदेशात अलीकडे एक नवा फ्लेक्स दिसायला लागला आहे. वाढदिवसाचे, निवडीचे, दहावीच्या मार्कांचे फ्लेक्स आता जुने झाले. हा असतो गाडी घेतल्याचा. हार घातलेली विलायती गाडी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी गॉगल लावलेला मालक, वर "गावाचा अभिमान" आणि खाली वीस-पंचवीस शुभेच्छुक. पेढे वाटतात, फटाके वाजतात, कुणीतरी सत्कारही करतं. गाडी मर्सिडीज असेल तर मग विचारायलाच नको.

हे सगळं मला मुळीच पटत नाही, आणि आज त्यावर जरा सविस्तर लिहायचं आहे. "मास्तरांना पोटदुखी झाली" असं आमचे काही भाचे-पुतणे म्हणतील. म्हणोत बापडे. गाडी घेण्याला माझा विरोध नाही. ज्याचा पैसा त्याने तो कसा खर्चावा हे सांगणारा मी कोण? यंत्र म्हणून मर्सिडीजबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण आहे ते तिची पूजा बांधण्याशी. कारण या गाडीचा इतिहास वाचला तर दिसतं ते असं, की तिला मोठं केलं ते पूजा करणाऱ्यांनी नव्हे. कुरकुर करणाऱ्या गिऱ्हाइकांनी तिला मोठं केलं.

कार्ल बेंझ या जर्मन माणसाने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण गाडी विकली जाईना. लोकांना भरवसा नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था हिने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, आपली दोन पोरं बरोबर घेतली आणि मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरच्या वरचं अंतर. वाटेत इंधन संपलं, तेव्हा वीसलॉख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचं डाग काढायचं द्रव विकत घेऊन टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढ आला की पोरांनी खाली उतरून ढकलायचं!

लांबच्या रस्त्यावरचा मोटारीचा हा पहिला अनुभव. आजच्या भाषेत 'मिक्स्ड' म्हणावा असा. गाडी पोचली, पण रडतखडत. आणि परत आल्यावर बर्थाबाईंनी पेढे वाटले नाहीत. ब्रेक कुठे झिजले, चढाला गाडी का दमते, हे नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. चढासाठी आणखी एक गिअर हवा ही मागणी तिचीच. बेंझने ती ऐकली.

दुसरी गोष्ट 'मर्सिडीज' या नावाची. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियाचा धनाढ्य व्यापारी, राहायला फ्रान्समध्ये नीस इथे. डाइम्लर कंपनीच्या गाड्या तो घ्यायचा आणि विकायचाही. पण हा गृहस्थ म्हणजे कंपनीच्या डोक्याला कायमचा ताप. गाडी हळू आहे, जड आहे, इंजिन असं का, चाक तसं का, अशी कडक पत्रं आणि तारा सारख्या चालू. १९०० च्या मार्चमध्ये नीसजवळच्या शर्यतीत डाइम्लरच्या गाडीला अपघात होऊन विल्हेल्म बाउअर हा चालक दगावला. येलिनेकने कंपनीला बजावलं की गाडी लांब करा, रुंद करा, खाली बसवा. तशी केलीत तर छत्तीस घेतो. अट एकच, नाव माझ्या मुलीचं द्यायचं. मुलीचं नाव मर्सिडीज. विल्हेल्म मायबाखने ती गाडी बनवली, १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत ती सगळ्यांच्या पुढे गेली आणि आजच्या मोटारीचं रूप तिथून सुरू झालं. डाइम्लर आणि बेंझ या कंपन्या एक झाल्या त्या पुढे १९२६ मध्ये. म्हणजे ज्या नावापुढे आपण नारळ फोडतो ते नाव एका तक्रारखोर गिऱ्हाइकाच्या लेकीचं आहे. मला तर ही गोष्ट फार आवडते.

फार जुनं सांगतो आहे असं वाटत असेल तर १९९७ घ्या. कंपनीने 'ए-क्लास' ही छोटी गाडी काढली. स्वीडनच्या एका मोटारविषयक मासिकाने ती चाचणीत एकदम वळवून पाहिली (रस्त्यात सांबरासारखं मोठं जनावर आडवं आलं तर काय, अशी ती चाचणी), आणि गाडी चक्क उलटली. कंपनीने आधी कानावर हात ठेवले. मग गिऱ्हाइकांचा आणि वर्तमानपत्रांचा रेटा वाढला तेव्हा विक्री थांबवून प्रत्येक गाडीत तोल सांभाळणारी यंत्रणा बसवावी लागली. पुढे २००४ मध्ये ब्रेकच्या नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतल्या दोषामुळे तिने जगभरातून ६,८०,००० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. एवढ्या मोठ्या घराण्याची ही तऱ्हा! आणि यात कंपनीला फार कमीपणा आहे असंही मला वाटत नाही. तक्रार ऐकली, दुरुस्ती केली, एवढंच.

घराणं म्हटलं म्हणून सांगतो, त्याला डागही आहेत. १९४४ मध्ये डाइम्लर-बेंझच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे सक्तीने राबवलेले लोक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी होते. हे कंपनीच आज मान्य करते. आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीतल्या लबाडीच्या प्रकरणात २०२० मध्ये अमेरिकी सरकारशी सुमारे दीडशे कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. फ्लेक्सवर यातलं काही येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या पिढीने हा तारा प्रथम पाहिला तो कारवर नव्हे, ट्रकवर. १९५४ मध्ये टाटांनी डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. तो करार १९६९ पर्यंत चालला. नवीन ट्रकवरचा तारा गेला तरी जुने ट्रक पुढे कितीतरी वर्षं धावत होते. ७२ च्या दुष्काळात धान्य घेऊन येणाऱ्या ट्रकांत असे ट्रक असायचे. त्या ट्रकची कुणी आरती ओवाळली असेल तर फक्त दसऱ्याला. एरवी ड्रायव्हर, क्लीनर आणि मिस्त्री असे तिघं बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेले, आणि तोंडाने अखंड शिव्या! ही मर्सिडीज किती तेल खाते, घाटात कशी दम तोडते, कुठला पाटा मोडतो, सगळं चहाच्या टपरीवर उघड बोललं जायचं. त्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाला काय घेतो आहोत हे माहीत असायचं.

कार आली १९९५ मध्ये, आणि तीही आपल्या पुण्यात, टेल्कोच्या कारखान्यात जुळणी होऊन. (चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ चा.) गंमत अशी की जर्मनीत ज्या मॉडेलची जागा त्याच वर्षी नव्या मॉडेलने घेतली, ते जुनं मॉडेल आपल्याला दिलं गेलं. तेव्हाच्या गिऱ्हाइकांनी मात्र नाक मुरडलं. खप अपेक्षेएवढा झाला नाही आणि कंपनीला नंतर नवं मॉडेल इथे आणावं लागलं. त्या गिऱ्हाइकांना मी मानतो.

मग पंधरा वर्षांत काय झालं? ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मंडळींनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. म्हणजे गाडीमागे सरासरी ४३ लाख. देशभर बातमी झाली. मराठवाडा जागा झाला, मराठी माणूस मोठं स्वप्न बघायला लागला, असे मथळे आले. एकत्र जाऊन भाव पाडून घेतला एवढं त्यातलं मला कौतुकाचं वाटतं, ती खरी व्यापाराची अक्कल. पण पी. साईनाथ यांनी त्याच डिसेंबरात 'द हिंदू'मध्ये दुसरी बाजू मांडली. त्या ६५ कोटींतले चाळीसहून अधिक कोटी स्टेट बँकेचं कर्ज होतं आणि व्याज होतं सात टक्के. त्याच भागातल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला दर बारा टक्क्यांच्या घरात किंवा त्याच्याही वर. ही तुलना वाचून मी त्या दिवशी जेवलो नव्हतो.

ती वाचताना आमच्या म्हसवडच्या बायका डोळ्यापुढे आल्या. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने त्यांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने तो परत पाठवला होता. मग त्या अक्षर शिकल्या, आणि अधिकाऱ्यांसमोर जाऊन व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवला. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. शंभर रुपयांचं व्याज तोंडी काढणाऱ्या या बायकांपुढे कुणी ४३ लाखांच्या गाडीचा हिशोब ठेवून पाहावा. विम्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतात. म्हणजे साडेएकवीस लाख गेले. व्याज वेगळं, टायर वेगळे, सर्व्हिसिंग वेगळं. "आणि ती दूध किती देती?" असं त्यातली एखादी विचारेल.

यावर उत्तर ठरलेलं असतं: "मास्तर, शौकाला हिशोब नसतो." ठीक आहे. पण मग खरा अनुभव तरी सांगा. तोच कुणी सांगत नाही हे माझं मुख्य दुखणं आहे. माझ्या नात्यातल्या एकाने चार वर्षांपूर्वी एक भारी विलायती गाडी जुनी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. पहिल्याच पावसाळ्यात पुढ्यातला कसला तरी तांबडा दिवा लागला तो विझेना. इथला मिस्त्री म्हणाला, "लॅपटॉप लावल्याशिवाय हिला हात लावता येत नाही." ट्रकवर चढवून पुण्याला नेली. तिथे सव्वा महिना राहिली. नंतर आमच्याकडच्या खड्ड्यात टायर फुटला, तो साताऱ्यात मिळेना. गतिरोधकावर पोट घासतं ते वेगळंच. या सगळ्या काळात हा गृहस्थ लग्नकार्यात काय सांगायचा? "गाडी पुण्याला ठेवलीय, गावात धूळ फार." खरी हकिकत मला त्याच्या बायकोकडून कळली, तीही "अण्णा, कुणाला बोलू नका" असं म्हणून. फ्लेक्स लागलेला माणूस तक्रार कशी करणार? सत्कार घेतलेल्या जावयाची खोड सासऱ्याने चारचौघांत सांगावी तसं ते. त्याचं ऐकून दुसऱ्या एका तरुणाने तशीच गाडी घ्यायला जमिनीचा तुकडा काढला. तेव्हा त्या खोट्या कौतुकाची किंमत कुणी मोजली?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. माझे एक डॉक्टर स्नेही अकरा वर्षं मर्सिडीज वापरतात आणि समाधानी आहेत. रात्री-बेरात्री लांब जावं लागतं, पाठीचा त्रास आहे, गाडी रस्त्याला चिकटून चालते, ब्रेक भरवशाचे. पण हे गृहस्थ वही ठेवतात. कुठल्या तारखेला काय बिघडलं, किती बिल आलं, किती दिवस गाडी अडकली. कुणी विचारायला आलं की वही पुढे करतात. त्यांच्या शब्दाला म्हणून वजन आहे.

कायद्याने न्याय मिळत नाही असं नाही, पण किती काळाने? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्सिडीजच्या दोन प्रकरणांत ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. एकात गाडीचा मधला उंचवटा तापतो ही तक्रार होती, दुसऱ्यात २००६ च्या अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत ही. कंपनीने संचालकांसाठी घेतलेली गाडी असली तरी घेणारा ग्राहकच, हे न्यायालयाने मानलं. गाडी तापते ही तक्रार निकाली निघायला वीस वर्षांच्या आसपास लागली! आणि भांडणाऱ्या होत्या मोठ्या कंपन्या, पदरी वकील असलेल्या. तिथे आटपाडी-विट्याच्या एकट्या माणसाची काय कथा.

आमच्या भागातली कितीतरी मुलं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. ऍसिडच्या धुरात उभं राहून त्यांनी पैसा मिळवला. यात्रेला गाड्या घेऊन येतात, त्यांचा मला अभिमानच आहे. पण त्यांना एक विचारतो. चिमूटभर सोनं हातात आलं तरी तुम्ही कस लावल्याशिवाय भाव सांगत नाही. मग पन्नास लाखांच्या लोखंडाला कस का लावत नाही? आणि तुमचे आजोबा खरसुंडीच्या बाजारात खिलार घेताना काय करायचे ते घरी विचारा. दात मोजायचे, खुरं बघायचे, चालवून बघायचे, शेपटीखाली हात घालायचे, आणि मग रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे. बैल घरी आल्यावर मारका निघाला तर आठ दिवसांत सगळ्या पंचक्रोशीला कळायचं, आणि विकणारा दलाल पुढच्या बाजारात तोंड लपवायचा.

असो. लांबलं जरा.

ता. क. – पुण्याला ठेवलेली ती नात्यातली गाडी आता विकायला काढली आहे. जाहिरात मला फोनवर दाखवली: "एकदम शोरूम कंडिशन, आजपर्यंत कसलाही प्रॉब्लेम नाही."