पन्नास सीसीचं कोडं
सोळा वर्षांच्या पोराला पालकांच्या संमतीने दुचाकीचं लायसन मिळतं. पण गाडी हवी बिनगिअरची, ५० सीसीच्या आतली. १९८८चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा गल्लोगल्ली लूना फिरत होत्या. आज शोरूममध्ये पेट्रोलवरची ५० सीसी मागून पाहा, सेल्समन तुमच्याच तोंडाकडे बघत राहील. अठरा पूर्ण होऊ द्या, मग मात्र शिकाऊ लायसन काढून लाल ‘एल’ चिकटवला की हजार सीसीवर बसायलाही कायद्याची आडकाठी नाही. ब्रिटनमध्ये एकट्या शिकाऊला १२५ सीसी आणि ११ किलोवॉटच्या पुढे जाता येत नाही. आपल्याकडे मर्यादा एकच, बापाच्या खिशाची! परिवहन खात्याने सोळाव्या वर्षाची काळजी जरा बाजूला ठेवून अठराव्या वर्षाच्या इंजिनाला आधी लगाम घालावा.