मांडवातले जेवण : सिंगापुरातील सुक्कोथ



तिश्री महिना लागला की मनात कोकणचा शरद उभा राहतो : पावसाने पाठ फिरविलेली, शेतात भात पिवळे झालेले, आभाळ निवळलेले. विषुववृत्तापासून जेमतेम एका अंशावर वसलेल्या सिंगापुरात यांतले काहीच दिसत नाही. सप्टेंबरची अखेर असो वा ऑक्टोबर, दुपारचा पारा ३१-३२ अंशांवर असतो आणि तिसऱ्या प्रहरी गडगडाटासह सर कोसळते. तरीही तोराची आज्ञा येथेही तीच आहे : सात दिवस मांडवात राहावे.

पहिली अडचण आभाळाचीच. येथील सुमारे तीन-चतुर्थांश रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींत राहतात. मांडवाचे छत उघड्या आकाशाखाली असावे लागते. वरच्या मजल्याच्या सज्जाखाली किंवा झाडाखाली घातलेला मांडव शास्त्रसंमत होत नाही. म्हणून बहुतेकांचा सण वॉटरलू स्ट्रीटवरील १८७८ सालच्या मागेन आबोथ किंवा ऑक्स्ली राइजवरील १९०५ सालच्या खेसेद एल या सिनेगॉगच्या आश्रयाने साजरा होतो. ते योग्यच आहे. परंतु 'आमच्या घरी जेवायला या' या शब्दांची ऊब निराळी असते. ज्यांना अंगण किंवा उघडी गच्ची लाभली आहे, त्यांनी सणातील एक संध्याकाळ तरी, ज्यांना ती लाभली नाही त्यांच्यासाठी राखावी, असे मला वाटते.

'एवढा व्याप कोण करणार?' हा प्रश्न लगेच येतो. माझाच अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही अंगणात मांडव घातला, बारा माणसे बोलाविली आणि मी अकरा पदार्थ रांधले. किद्दुश झाला, मंडळी मांडवात बसली, आणि मी स्वयंपाकघर ते अंगण अशा वाऱ्या करीत राहिले. अखेर स्वतःचे ताट घेऊन बाहेर आले तो पाऊस आला. त्या रात्री मांडवातला एक घासही माझ्या पोटात गेला नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, सण तुझाही नव्हता का?"

तेव्हापासून आमच्या घरी नियम केला : एक शेगडी, तीन पदार्थ, आणि घरातील प्रत्येकाने बसून जेवायचे.

दिवस निवडताना पहिले दोन पवित्र दिवस आणि शब्बाथ सोडावेत. विस्तव पेटविणे-विझविणे तेव्हा चालत नाही. मधल्या दिवसांपैकी, म्हणजे होल हामोएदपैकी, एखादी संध्याकाळ सोयीची. सूर्य येथे बारा महिने सातच्या सुमारास मावळतो. दुपारची सर बहुधा तोवर ओसरलेली असते.

मांडवाला तीन बाजूंनी बांबू व कापड पुरे. मात्र कापड वाऱ्याने फडफडणार नाही असे ताणून बांधावे. छताला नारळाच्या किंवा अन्य ताडवर्गीय झाडांच्या तोडलेल्या झावळ्या घ्याव्यात. लग्नाच्या मांडवाला आपले आजोबा-पणजोबा हेच वापरीत. उन्हापेक्षा सावली अधिक पडावी, तरी फटींतून तारे दिसावेत. म्हणून झाप विणून घालू नयेत, झावळ्या सुट्याच पसराव्यात. त्या लवकर वाळतात, तेव्हा शेगडी मांडवापासून किमान दहा फूट दूर असावी आणि जवळ पाण्याची बादली भरून ठेवावी. खासगी वसाहतींत भाजण्यासाठी सामाईक चुली असतात. तेथे स्वतःची शेगडी न्यावी, निदान जाळी तरी स्वतःची असावी, कारण त्या चुलीवर काय काय भाजले जाते हे आपण जाणतोच.

आता पदार्थ. कोशर मांस येथे गोठविलेले मिळते, ते सणाच्या आठवडाभर आधी आणून ठेवावे. बारा जणांना तीन किलो कोंबडी पुरते. कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण, हळद, मीठ, लिंबाचा रस आणि थोडे तेल असे आपले नेहमीचे हिरवे वाटण लावून ती रात्रभर शीतकपाटात ठेवावी. या हवेत कच्चे मांस तासभरही बाहेर राहू देऊ नये. कोळशावर पांढरी राख धरली की आच योग्य झाली असे समजावे. यास अर्धा-पाऊण तास लागतो. दुसरा पदार्थ बांगडा, तेच वाटण लावून केळीच्या पानात गुंडाळून भाजावा. तो आधी व वेगळ्या ताटलीत वाढावा. येथे सर्वत्र आवडीने खाल्ला जाणारा पाखट मासा आपल्याला चालत नाही, कारण त्याला खवले नसतात. दुकानातील तयार सांबलही घेऊ नये. त्यात बहुधा बेलाचान, म्हणजे कोळंबीचे आंबविलेले वाटण असते. घरची चटणी करावी. पाव आणि काकडीची कोशिंबीर हे पाहुण्यांनी आणावे. आणणाऱ्यालाही आपण सणाचे यजमान आहोत असे वाटते.

तिसरा पदार्थ खीर. केहिमकरांच्या १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात आपल्या जुन्या सणांची नावे आहेत. त्यांत तिश्रीतला 'खिरीचा सण' आहे. ती आठवण येथे सहज जपता येते, कारण नारळ येथे घरोघरी वापरला जातो आणि नारळाच्या दुधाची खीर मांसाहारानंतरही चालते. दीड वाटी तांदूळ तीन नारळांच्या पातळ दुधात मऊ शिजवावेत, दोन वाट्या गूळ किंवा येथला माडाचा गूळ 'गुला मलाका' घालावा, वेलची घालावी. घट्ट दूध शेवटी घालून पातेले लगेच उतरवावे. उकळी आली तर दूध फुटते. ही खीर सकाळीच करून ठेवता येते.

आणि पाऊस आलाच तर? मिश्नाच्या 'सुक्का' या भागात हाच प्रश्न आहे : पावसात मांडव केव्हा सोडावा? उत्तर असे की, पावसाने खीरलापशीसारखे अन्न बिघडू लागेल तेव्हा. म्हणजे चार थेंबांनी उठू नये, आणि उगाच भिजतही बसू नये. पातेल्यावर झाकण ठेवावे आणि निर्धास्तपणे आत यावे. सरीनंतर मुले पुन्हा बाहेर धावतातच.

शेवटी, पाहुणे कोण? तोरा या सणाच्या आनंदात मुला-मुलींबरोबर दास-दासी, परका, अनाथ आणि विधवा यांची नावे घेते. सिंगापुरात ही माणसे शोधावी लागत नाहीत. नोकरीसाठी एकटा आलेला मुंबईचा तरुण, मुलाकडे येऊन दिवसभर बंद घरात बसणारी आजी, सणाची सवय मोडलेले एखादे कुटुंब, आणि आपल्या स्वयंपाकघरात राबणारी, स्वतःची मुले दूर देशी ठेवून आलेली बाई. तिच्यासाठीही मांडवात खुर्ची मांडावी. ती उभी राहून वाढीत असेल, तर आमच्या अकरा पदार्थांच्या रात्रीची चूक आपण फक्त दुसऱ्याच्या गळ्यात घातली, असे होईल.

मोआदिम लेसिम्हा!