टक्क्यांच्या मागे कोण?



२०२५ च्या दहावीच्या निकालात आपला कोकण विभाग पुन्हा राज्यात पहिला आला. ९८.८२ टक्के! साऱ्या राज्याचा निकाल होता ९४.१० टक्के. कोकण विभाग म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोनच जिल्हे. लोट्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या मुलांचं हे यश. शाब्बास!

पण नुसत्या टक्क्यांवरून शाळा कळते का? चला, एक गणित करू. आपल्याकडे वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळांचा पट अगदी लहान. समजा, एका वर्गात चार मुलं आहेत. एकाला वाचता येत नाही. झाले ७५ टक्के. दुसऱ्या वर्गात चाळीस मुलं, तिघांना येत नाही. तिथे ९२.५ टक्के! आता सांगा, मागे राहिलेली मुलं कुठे जास्त?

म्हणून टक्क्यांबरोबर पटही विचारावा.

‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ नावाची पाहणी २००५ साली सुरू झाली. तिचे कार्यकर्ते खेड्यापाड्यांत घरोघरी जातात. मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात, वजाबाकी-भागाकार घालतात. पास-नापास नाही. येतं की नाही, एवढंच बघतात.

तुम्हीही करून बघा. तिसरी-चौथीतल्या धाकट्या भावंडाला दुसरीचा धडा वाचायला द्या. अडलं तर हसू नका हं! रोज दहा मिनिटं शेजारी बसा.

आणि आईबाबांनो, “किती टक्के?” याच्या जोडीला “काय काय येतं?” हेही विचारा. विभाग पहिला आला, आता शेवटच्या बाकावरचाही वाचता झाला पाहिजे.

तुमच्या बाई,
लोटे (जि. रत्नागिरी)