हिरव्या डगल्यांची शाळा
लाल डगले घालून, खांद्यास खांदा भिडवून, हुकुमासरशी एकदम बार काढावा, ही इंग्रजी पायदळाची जुनी रीत. इ. स. १८०० मध्यें कर्नल मॅनिंगहॅम व स्ट्यूअर्ट यांनीं उभारलेल्या रायफल पलटणीनें ती मोडली. हिरवा पोशाख, बेकरची रायफल, आणि जोडीजोडीनें विखरून प्रत्येकानें स्वतः नेम धरावयाचा! शिपायानें स्वबुद्धीनें चालावें, म्हणून पलटणीच्या नियमांत त्याच्यासाठीं शाळाही ठेविली. हीच पुढें ९५ वी पलटण म्हणून १८१५ त वॉटर्लूस लढली, १८१६ त ‘रायफल ब्रिगेड’ झाली. २००७ पासून तिचा वारसा ‘द रायफल्स’कडे आहे.

आम्हीं मात्र वर्गांत छडीच्या धाकानें एकसुरांत पाढे म्हणवून घेतले. ‘तूं स्वतः विचार कर’ असें क्वचितच म्हटलें. वाचकहो, घरच्या मुलांच्या बाबतींत तरी आमची ही चूक आपण करूं नये.